थर मोजू नका, किल्ल्या मोजा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक निर्देशांक तयार केला होता. त्याला नावही दिलं होतं, ‘विकेंद्रीकरण गुणांक’. कल्पना साधी होती. टोकनवर चालणाऱ्या एखाद्या ऑनलाइन समुदायात निर्णय घेणारे किती थर आहेत, प्रत्येक थरात किती खाती निर्णय घेतात, कोणता निर्णय किती बहुमताने होतो, हे सगळं मोजायचं आणि त्यातून एक आकडा काढायचा. आकडा जितका मोठा, तितकी सत्ता विखुरलेली. चार महिने मी त्यावर घालवले. एक्सेल शीट दिसायला फार सुंदर झाली होती.

गाइड मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच काम दिलं. “स्टीमचा १ मार्च २०२० चा गुणांक काढ. मग ३ मार्च २०२० चा काढ. दोन्ही शेजारी शेजारी ठेव आणि मला दाखव.”

काढले. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले.

२ मार्च २०२० या दिवशी स्टीमवरची सगळी सत्ता एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे गेली होती. ज्या दिवशी सगळं बदललं, त्या दिवशी माझा गुणांक जागचा हलला नव्हता. ताप मोजायला थर्मामीटर लावावा आणि त्याने रुग्णाऐवजी खोलीचं तापमान दाखवावं, तसं झालं.

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना मी हाच किस्सा सांगते, कारण यात दोन गोष्टी एकदम शिकायला मिळतात. एक म्हणजे थरांची विकेंद्रित शासनव्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते आणि कुठे मोडते. दुसरी म्हणजे आपण चुकीची गोष्ट अगदी अचूकपणे मोजत असू, तर ते आपल्याला कसं कळावं. त्यासाठी आधी स्टीम नीट समजून घेऊ.

स्टीमचे थर

स्टीम ही ब्लॉकचेन मार्च २०१६ मध्ये सुरू झाली. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर हे तिचे संस्थापक. लोकांनी लिहावं, इतरांनी त्याला मत द्यावं आणि त्या मतांच्या प्रमाणात लेखकाला टोकन मिळावेत, अशी ही योजना. लेख, मतं, पैशांची वाटणी हे सगळं एका सार्वजनिक नोंदवहीत. सर्व्हर एका कंपनीच्या मालकीचा नाही, म्हणून ‘इथे कोणी मालक नाही’ असं अभिमानाने सांगितलं जायचं.

मालक नाही म्हटल्यावर निर्णय कोण घेणार? तर वेगवेगळे निर्णय वेगवेगळ्या थरांवर व्हायचे. २०२० च्या सुरुवातीला साधारण चार थर होते.

पहिला थर रोजच्या मतांचा. कोणत्या लेखाला किती मोबदला मिळेल, हे वाचकांची मतं ठरवायची. पण इथे एक माणूस एक मत नव्हतं. तुम्ही जितके टोकन ‘पॉवर अप’ करून, म्हणजे कुलूपबंद करून ठेवले असतील, तितकं तुमच्या मताचं वजन. हे कुलूप काढायचं तर टोकन एकदम हाती यायचे नाहीत, १३ आठवड्यांत १३ हप्त्यांनी मिळायचे.

दुसरा थर छोट्या समूहांचा. एखाद्या विषयाचा समूह काढायचा, त्याला संचालक नेमायचे, कोणाचं लेखन दाखवायचं आणि कोणाचं झाकायचं हे त्यांनी ठरवायचं. मूळ नोंदवहीतून मात्र ते काहीच पुसू शकत नव्हते.

तिसरा थर निधीचा. ऑगस्ट २०१९ मधल्या बदलानंतर दरवर्षी नव्याने तयार होणाऱ्या टोकनांपैकी १० टक्के एका सामाईक निधीत जाऊ लागले. कोणीही प्रस्ताव मांडायचा, लोकांनी मत द्यायचं, पुरेशी मतं मिळाली की पैसे सुरू. इथेही मताचं वजन टोकनवर.

चौथा आणि सर्वांत खालचा थर विटनेस लोकांचा. दर तीन सेकंदांनी नवीन ब्लॉक तयार करण्याचं काम यांचं. सर्वाधिक मतं मिळवणारे २० जण कायम, आणि एक जागा बाकीच्यांमध्ये आळीपाळीने. नियमच बदलायचा असेल तर यांच्यापैकी १७ जणांची संमती लागायची. म्हणजे हे जवळजवळ विधिमंडळच. यांना निवडायचं कोणी? पुन्हा टोकनधारकांनी, टोकनच्या वजनाने.

कागदावर बघितलं तर किती छान रचना आहे! रोजचे निर्णय वर, मूलभूत निर्णय खाली, प्रत्येकासाठी वेगळी प्रक्रिया, नियम बदलायला भक्कम बहुमत. माझ्या गुणांकात स्टीमला भरघोस मार्क मिळाले होते, ते यामुळेच.

२ मार्चला काय झालं

स्टीमिट ही कंपनी स्टीमवरची सर्वांत मोठी वेबसाइट चालवायची. ब्लॉकचेन सुरू झाली त्या पहिल्या काही दिवसांतच या कंपनीने स्वतःसाठी टोकनांचा प्रचंड साठा तयार करून ठेवला होता. हा साठा विकासाच्या कामासाठी आहे, विटनेस निवडण्यासाठी तो वापरला जाणार नाही, असं कंपनीच्या बाजूने वेळोवेळी सांगितलं गेलं होतं. हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त बोललं गेलं होतं.

१४ फेब्रुवारी २०२० ला जाहीर झालं, की ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली आहे. कंपनीबरोबर तो साठाही आला. जुन्या मालकाचा शब्द नवा मालक पाळेल का, हा प्रश्न विटनेस लोकांना पडला. फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात त्यांनी एकत्र येऊन एक सॉफ्ट फोर्क आणला आणि ती खाती तात्पुरती गोठवली. त्या खात्यांना ना टोकन हलवता येत होते, ना मत देता येत होतं.

आता खेळ कसा झाला ते बघा. सन यांचे टोकन गोठलेले, त्यामुळे विटनेस बदलायला त्यांना स्वतःचं मत वापरता येईना. मग दुसऱ्या कोणाचे तरी टोकन हवेत. टोकनांचा मोठा साठा आणखी कोणाकडे असतो? एक्सचेंजकडे. लोक खरेदी-विक्रीसाठी आपले टोकन तिथे ठेवतात. ते टोकन ग्राहकांचे असतात, पण खातं एक्सचेंजच्या नावावर असतं.

२ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या तीन एक्सचेंजच्या खात्यांनी टोकन पॉवर अप केले आणि नव्या विटनेसच्या बाजूने मतं टाकली. जुने सगळे २० विटनेस बाहेर गेले, नवे २० आले. नव्यांनी पहिलं काम केलं ते गोठवलेली खाती मोकळी करण्याचं. आपण हे नेहमीचं अपग्रेड समजून संमती दिली होती, असं बायनान्सकडून नंतर सांगण्यात आलं. बायनान्स आणि हुओबी यांनी मतं मागेही घेतली. पण टोकन पॉवर अप झालेले होते, ते परत मिळायला तोच १३ आठवड्यांचा नियम. ज्या ग्राहकांनी विक्रीसाठी टोकन ठेवले होते, त्यांना न विचारता त्यांचे टोकन एका निवडणुकीत वापरले गेले होते.

लक्षात घ्या, या सगळ्यात हॅकिंग कुठेच नाही. कोणाचा पासवर्ड चोरीला गेला नाही, कोडमध्ये बग नव्हता. प्रत्येक पाऊल नियमात बसणारं होतं. म्हणून तर ही केस अभ्यासायला इतकी महत्त्वाची आहे.

वीसच्या वीस जागा कशा गेल्या?

इथे थोडं गणित करू, कारण बरेच जण ही पायरी वगळून थेट ‘पैशाने सत्ता विकत घेतली’ या निष्कर्षावर उडी मारतात. निष्कर्ष चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

समजा, एकूण १०० टोकन मतदानात आहेत. ‘अ’ गटाकडे ५१, ‘ब’ गटाकडे ४९. निवडायचे आहेत २० विटनेस. स्टीमचा नियम असा होता की प्रत्येक खातं ३० उमेदवारांना मत देऊ शकतं, आणि प्रत्येक उमेदवाराला त्या खात्याचं पूर्ण वजन मिळतं. वजन विभागलं जात नाही.

‘अ’ गटाने आपले २० उमेदवार उभे केले. प्रत्येकाला ५१ मतं. ‘ब’ गटाच्या प्रत्येक उमेदवाराला ४९. यादी उतरत्या क्रमाने लावा. पहिले वीसच्या वीस ‘अ’ गटाचे. म्हणजे ५१ टक्क्यांना १०० टक्के जागा.

आता नियम फक्त एवढा बदला, की प्रत्येक टोकनचं मत एकाच उमेदवाराला जाईल. ‘ब’ गट आपली ४९ मतं ९ उमेदवारांत वाटतो, प्रत्येकाला साधारण ५.४. या नऊ जणांपैकी एकालाही पाडायचं तर ‘अ’ गटाला आपले १२ उमेदवार ५.४ च्या वर न्यावे लागतील, त्यासाठी ६५ च्या वर मतं लागतील, आणि त्याच्याकडे आहेत ५१. म्हणजे ‘ब’ च्या ९ जागा पक्क्या. नियम बदलायला १७ जणांची संमती लागते, म्हणजे तो अडवायला ४ जण पुरतात. ९ जणांच्या ‘ब’ गटाला डावलून ‘अ’ गट काहीच बदलू शकत नाही.

टोकनांची वाटणी तीच, माणसं तीच, थरही तेवढेच. मतपत्रिकेचा एक नियम बदलला आणि निकाल २०-० वरून ११-९ च्या आसपास आला. १७ जणांच्या संमतीची ती भक्कम भिंत मुळात भक्कम नव्हतीच, कारण पहिल्या नियमात जो एक जागा जिंकतो तो सगळ्याच जिंकतो.

तुमच्यापैकी काहींनी ‘नाकामोटो गुणांक’ वाचला असेल. बालाजी श्रीनिवासन आणि लेलँड ली यांनी २०१७ मध्ये तो मांडला. एखादी व्यवस्था ताब्यात घ्यायला कमीत कमी किती जणांनी हातमिळवणी करावी लागते, तो आकडा. स्टीमवर विटनेस मोजले तर उत्तर येतं १७. टोकनचं वजन मोजलं तर उत्तर येतं मूठभर. व्यवस्था तीच, सूत्र तेच, फक्त आपण कोणत्या थरावर उभं राहून मोजतो त्यावर उत्तर बदलतं. माझा घोळ नेमका इथे झाला होता.

थर वेगळे, किल्ली एकच

आता पुन्हा त्या चार थरांकडे बघू. पहिल्या थरात काय चालतं? टोकन. तिसऱ्यात? टोकन. चौथ्यात? टोकन. दुसऱ्या थरात तेवढी वेगळी गोष्ट चालते, समूह काढणाऱ्याने केलेली नेमणूक. पण त्या थराचा अधिकार सर्वांत दुबळा.

म्हणजे इमारत चार मजली आहे, प्रत्येक मजल्याला वेगळं दार आहे, वेगळं कुलूप आहे, पण जवळजवळ सगळी कुलपं एकाच किल्लीने उघडतात. ती किल्ली ज्याला मिळाली, त्याला मजल्यांची संख्या अडवू शकत नाही.

थरांच्या शासनव्यवस्थेवर बोलताना एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव येतंच. त्यांचं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे पुस्तक १९९० चं, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी अशा गोष्टी लोक पिढ्यान् पिढ्या कशा सांभाळतात, याचा अभ्यास करून त्यांनी आठ तत्त्वं मांडली. आठवं तत्त्व आहे एकात एक बसलेल्या थरांचं. टोकनवाल्या प्रकल्पांच्या श्वेतपत्रिकांमध्ये हे आठवं तत्त्व हमखास दिसतं. पहिली सात मात्र घाईत सुटून जातात.

ऑस्ट्रॉम यांच्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल या डोंगराळ गावाची केस आहे. गावाच्या सामाईक कुरणाविषयीच्या लेखी नोंदी कित्येक शतकं मागे जातात. तिथला एक नियम असा, की बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली, तरी त्यामुळे त्याला सामाईक कुरणात कोणताही हक्क मिळत नाही. जमीन विकत मिळेल, कुरणाच्या कारभारातलं स्थान विकत मिळणार नाही. तिथे मालमत्तेची किल्ली वेगळी आणि कारभाराची वेगळी होती. स्टीमवर जस्टिन सन यांनी कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर कारभाराची किल्लीही आली. फरक इथे आहे.

हा फरक आपल्याला तसा परका नाही. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीत किंवा पतसंस्थेत कोणाचे शेअर कितीही असोत, सहकार कायद्यात तत्त्व एका सभासदाला एका मताचं आहे. उलट कंपनीत जितके शेअर तितकी मतं. स्टीमवर लोकांना वाटत होतं आपण सहकारी संस्थेत आहोत. कागदपत्रं मात्र कंपनीची होती.

वेळ हीसुद्धा एक किल्ली

या प्रकरणानंतर समुदायातल्या अनेकांनी स्टीमची प्रत काढून हाइव्ह नावाची नवी ब्लॉकचेन सुरू केली, २० मार्च २०२० ला. पुढच्या काही महिन्यांत तिथे एक महत्त्वाचा बदल आला. नव्याने पॉवर अप केलेल्या टोकनचं वजन विटनेस आणि निधीच्या मतदानात ३० दिवसांनंतरच धरलं जाईल. २०२१ मध्ये दुसरा बदल आला. वर्षभर कोणी या मतदानात काहीच हालचाल केली नाही, तर त्याची जुनी मतं आपोआप रद्द होतील.

पहिला बदल का महत्त्वाचा? २ मार्चचा डाव यशस्वी झाला तो वेगामुळे. टोकन पॉवर अप केले आणि लगेच मत दिलं. ३० दिवसांची अट असती, तर एक्सचेंजच्या खात्यांतली हालचाल सगळ्यांना दिसली असती, ग्राहकांनी जाब विचारला असता, समुदायाला तयारी करता आली असती.

मग एक प्रश्न येईल, की थांबण्याची अट घातली की झालं का? नाही. अट कशावर घातली आहे ते बघायला लागतं. इथेरियमवरच्या बीनस्टॉक या प्रकल्पात प्रस्ताव मांडल्यापासून एक दिवस थांबण्याची अट होती. त्यानंतर दोन तृतीयांश मतं असतील तर तो तातडीने लागू करता यायचा. १७ एप्रिल २०२२ ला हल्लेखोराने काय केलं? प्रस्ताव आधीच टाकून ठेवला, तो दिवस जाऊ दिला, आणि मग फ्लॅश लोन, म्हणजे एकाच व्यवहारात घेऊन त्याच व्यवहारात फेडायचं कर्ज, काढून सुमारे एक अब्ज डॉलर उभे केले. त्या पैशातून मताधिकार मिळवला, प्रस्ताव मंजूर केला, निधी रिकामा केला, कर्ज फेडलं. प्रकल्पाचं नुकसान सुमारे १८.२ कोटी डॉलर.

म्हणजे बीनस्टॉकमध्ये प्रस्तावाला थांबावं लागत होतं, मताला नाही. हाइव्हने मताला थांबायला लावलं. दोन्ही ठिकाणी ‘प्रतीक्षा काळ आहे का?’ या रकान्यात उत्तर ‘हो’ असंच येईल. माझ्या एक्सेल शीटमध्ये असा रकाना होता!

दुसरी किल्ली आणायची तर

काही प्रकल्पांनी किल्लीच वेगळी करून पाहिली. २०२२ मध्ये ऑप्टिमिझम या प्रकल्पाने दोन सभागृहांची रचना जाहीर केली. एक टोकन सभागृह, जिथे टोकनच्या वजनाने मत. दुसरं नागरिक सभागृह, जिथे मूळ कल्पनेनुसार एका व्यक्तीला एक मत, आणि ते नागरिकत्व विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. एका सभागृहाला दुसऱ्यावर वचक ठेवता यावा, हा हेतू. टोकन कितीही विकत घेतले तरी दुसरं सभागृह हाती येत नाही.

मग प्रश्न सुटला? नाही, प्रश्नाची जागा बदलली. एका व्यक्तीला एक मत म्हटलं, की ‘व्यक्ती’ कोण हे ठरवावं लागतं. ऑनलाइन जगात एक माणूस शंभर खाती काढू शकतो. याला संशोधनात सिबिल हल्ला म्हणतात. तो रोखायचा तर कोणीतरी ओळख तपासणार, नागरिक कोण हे ठरवणार. आणि हे ठरवणारा जो असेल, खरी किल्ली त्याच्याकडे.

तिसरा पर्याय प्रतिष्ठेचा. ज्याने जास्त काम केलं त्याला जास्त अधिकार. हे विकत घेता येत नाही, खोटं करणंही अवघड. पण काही वर्षांनी जुनी मंडळी इतकी वजनदार होतात, की नवीन आलेल्याचं ऐकलंच जात नाही. हे कोणत्याही कॉलेजच्या विभागात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा टोकन विकत मिळतं, ओळख बनावट करता येते, प्रतिष्ठा साचत जाते. कोणतीच किल्ली निर्दोष नाही. म्हणूनच थर हवेत, पण ते एकमेकांच्या दोषाला आवर घालणारे हवेत. दोन थरांचा दोष एकच असेल, तर हिशेबापुरता तो एकच थर.

कागदावर नसलेला थर

अजून एक थर उरला. कोडमध्ये तो कुठेच लिहिलेला नसतो. निघून जाण्याचा. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं होतं, की एखाद्या संस्थेवर नाराज असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात, आत राहून बोलणं किंवा बाहेर पडणं. ब्लॉकचेनच्या जगात बाहेर पडताना संपूर्ण घराची प्रत सोबत नेता येते. हाइव्ह सुरू झालं तेव्हा स्टीमधारकांना तितकेच हाइव्ह टोकन मिळाले. जुने लेख, जुने संबंध, सगळं तिकडेही होतं. वगळला गेला तो कंपनीचा साठा. तो सामाईक निधीकडे वळवला गेला.

पण इथे एक काटा आहे, आणि तो मी मुद्दाम सांगते. नव्या विटनेसना पाठिंबा देणाऱ्या काही इतर खात्यांनाही हाइव्हवर टोकन दिले गेले नाहीत. कोणी मत कोणाला दिलं यावरून कोणाला काय मिळेल हे ठरलं. दुसऱ्या बाजूला स्टीमवर त्याच वर्षी २० मे रोजी एका हार्ड फोर्कने ६४ खात्यांमधले सुमारे २.३६ कोटी टोकन काढून घेतले. दोन्ही बाजूंकडे आपापली कारणं होती. पण ‘तुमची मालमत्ता कोणीही हिरावू शकत नाही’ हे जे वाक्य प्रत्येक श्वेतपत्रिकेत असतं, ते खरं ठरायला पुरेशा माणसांनी ते पाळायचं ठरवावं लागतं. कोड स्वतःहून ते पाळत नाही.

मग संशोधनात करायचं काय?

तुम्ही या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल, किंवा कोणत्याही थरांच्या व्यवस्थेचा अभ्यास करणार असाल, तर मला उशिरा सुचलेले हे चार प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवा.

१. या थरावर निर्णय कशाच्या जोरावर होतो? कोण निर्णय घेतं हे नंतर. आधी साधन ओळखा: टोकन, ओळख, नेमणूक, वेळ.

२. ते साधन विकत, उसनं किंवा दुसऱ्याच्या नावावर मिळवता येतं का? एक्सचेंजने ग्राहकांचे टोकन वापरले, हल्लेखोराने एका व्यवहारापुरते पैसे उसने घेतले. दोन्ही ‘मालकी’ या एका शब्दात लपून जातात.

३. या थराचा निर्णय दुसरा कोणता थर फिरवू शकतो, आणि त्याला किती वेळ लागतो? बाणांची एक आकृती काढा. सगळे बाण एकाच खोक्याकडे जात असतील, तर उत्तर मिळालं.

४. कोणती गोष्ट फक्त शब्दावर चालली आहे? स्टीमवर ती होती कंपनीने दिलेली हमी. सगळी व्यवस्था चार वर्षं त्या एका शब्दावर उभी होती, आणि तो शब्द कोणत्याच थरात नव्हता.

डेटाबद्दल एक सावधगिरी. ब्लॉकचेनचा डेटा खुला असतो, त्यामुळे विद्यार्थी खूश होतात आणि लगेच टोकनांच्या विषमतेचा गिनी गुणांक काढायला बसतात. मीही बसले होते. पण तिथे खाती दिसतात, माणसं नाही. एक्सचेंजचं एक खातं म्हणजे हजारो ग्राहक, आणि एका माणसाची दहा खाती म्हणजे दहा ‘नागरिक’. खातं आणि माणूस यांच्यातलं नातं काय धरलंत, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. व्हायवात पहिला प्रश्न तोच येतो.

आणि शेवटी मॅडमची युक्ती. निर्देशांक कोणताही असो, तो आधी अशा एका दिवसावर लावून बघा, ज्या दिवशी काय घडलं हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्या दिवशी तुमचा आकडा हलला पाहिजे. हलला नाही, तर जगाला दोष देऊ नका, मोजपट्टी बदला.

ते चार महिने वाया गेले, असं मला बरेच दिवस वाटत होतं. शीट मी डिलीट केली नाही, ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. आता माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथूनच सुरू होतं: दोन तारखा, दोन सारखे आकडे, आणि खाली एक प्रश्न, की या दोन दिवसांच्या मध्ये नेमकं काय बदललं, जे मी मोजत नव्हते?